जॅझची बाराखडी

जॅझ ऐकायला लागायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला अलीकडे अधूनमधून विचारला जातो. विचारणारे बहुधा माझ्याच वळणाचे असतात. सवाई गंधर्वच्या मंडपात रात्री जागवलेले, भीमसेन, कुमार, किशोरीताईंच्या गाण्यावर पोसलेले, नाट्यपदे आणि जुनी चित्रपटगीते तोंडपाठ असलेले. त्यांच्या हातात आता मोबाइल आला आहे आणि त्या चिमुकल्या यंत्रात साऱ्या जगाचे संगीत भरलेले आहे. एके काळी जॅझची एखादी कॅसेट हवी असली तर मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसची पायरी चढावी लागे. काउंटरवरच्या माणसाशी चार शब्द होत आणि त्या चार शब्दांत निम्मे शिक्षण होऊन जाई. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आता दुर्मीळ असे काही उरले नाही. अडचण आहे ती मुबलकतेची. शंभर वर्षांचा ढीग समोर पडला आहे. त्यात हात कुठे घालावा?

माझे उत्तर ठरलेले आहे. जॅझ ऐकायचे असेल तर ब्लूजपासून सुरुवात करावी. आणि ब्लूज ऐकायचे असेल तर आधी बारापर्यंत मोजायला शिकावे.

हे उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. संगीत ही काय मोजायची गोष्ट आहे? ते तर काळजाला भिडले पाहिजे! खरे आहे. पण तीनतालाची सम कळल्याशिवाय तबलजीने समेवर आणून सोडलेली तिहाई काळजाला कशी भिडणार? आपण लहानपणी कधी, कोणाच्या मांडीवर बसून टाळी-खाली शिकलो हे विसरलो आहोत, एवढेच. परक्या संगीताच्या बाबतीत ती मांडी आपल्याला मिळालेली नसते. ती उणीव बोटांवर मोजून भरून काढावी लागते.

'ब्लूज' म्हटले की उदास गाणे असे आपल्या मनात येते. तो अर्थ तूर्त बाजूला ठेवू. संगीताच्या हिशेबात ब्लूज हे आधी एक आवर्तन आहे. पाश्चात्त्य संगीतात तालाच्या एका विभागाला बार म्हणतात. ब्लूजच्या आवर्तनात असे बारा बार असतात. मराठी माणसाला हे विसरणे कठीण! एकेक बार बहुधा चार मात्रांचा. म्हणजे एका आवर्तनाच्या मात्रा झाल्या ४८. या बारा बारांचे चार-चारांचे तीन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यात गायक एक ओळ म्हणतो. दुसऱ्या तुकड्यात तीच ओळ पुन्हा म्हणतो. तिसऱ्या तुकड्यात त्या ओळीला उत्तर देणारी, यमक जुळवणारी नवी ओळ येते. संपले. पुन्हा पहिल्यापासून.

एकच ओळ दोनदा कशासाठी? जाणकार एक व्यवहारी कारण सांगतात. गाणारा पुष्कळदा जागच्या जागी रचत असे. पहिली ओळ दोनदा म्हणेपर्यंत तिसरी सुचायला सवड मिळे. पण ऐकता ऐकता दुसरे कारण उमगते. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा शब्द तेच असले तरी तिच्याखालची जमीन सरकलेली असते.

आपल्या कानाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट हीच आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज गावातल्या पारासारखा एका जागी असतो. गवई कितीही लांबवर भटकून आला तरी पार जागचा हलत नाही. इथे तानपुरा नाही. इथे आहेत तीन घरे. एक षड्जाचे, एक मध्यमाचे आणि एक पंचमाचे. प्रत्येक घरात त्या स्वराभोवती जमलेला स्वरांचा एक मेळ असतो, ज्याला कॉर्ड म्हणतात. पहिले चार बार षड्जाच्या घरात. पुढचे दोन मध्यमाच्या घरात आणि त्यानंतरचे दोन परत षड्जाकडे. नववा बार पंचमाच्या घरात, दहावा मध्यमाच्या, आणि अखेरचे दोन पुन्हा आपल्या मूळ घरी. वादकांनी यात असंख्य फेरफार केले आहेत, पण वाड्याचा नकाशा हाच. आता गायकाने सा तसाच धरून ठेवला आहे अशी कल्पना करा. षड्जाच्या घरात तो यजमान असतो. बिऱ्हाड मध्यमाच्या घरी हलले की तोच सा त्या घरचा पंचम होतो. पंचमाच्या घरी गेले की तोच त्या घरचा मध्यम. स्वर जागचा हलला नाही, नाते मात्र बदलले. माहेरी लेक असलेली मुलगी सासरी सून होते, तशातलाच हा प्रकार. हे एकदा कानाला जाणवले की जॅझचे अर्धे कोडे सुटले म्हणून समजावे.

दुसरी गोष्ट मात्र आपल्याला उपजतच कळते. ब्लूज गाणाऱ्यांचा गंधार पियानोच्या पट्ट्यांत मावत नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या गल्लीत तो कुठेतरी रेंगाळतो. निषादाचेही तेच. पियानोवाल्यांनी दोन्ही गंधार शेजारी शेजारी दाबून ती मधली जागा सुचवली. गिटारवाल्यांनी तार खेचली, किंवा बाटलीचा गळा नाहीतर सुरीचे पाते तारेवरून घसरवून चक्क मींड काढली. दरबारीच्या आंदोलित गंधारावर मान हलवणाऱ्याला ही जागा कोणी समजावून सांगावी लागत नाही.

सुरीवरून आठवले. डब्ल्यू. सी. हँडी हे स्वरलिपी जाणणारे, शिकलेले कृष्णवर्णीय बँडमास्तर. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर नावाच्या आडस्टेशनवर ते रखडलेल्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवू लागला आणि दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी आपण निघालो आहोत, अशा अर्थाची एकच ओळ त्याने तीन वेळा गायिली. इतके विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे हँडी यांनी १९४१ च्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. पुढे १९१४ मध्ये त्यांनी 'सेंट लुई ब्लूज' छापले आणि ते जगभर गेले. स्टेशनवरच्या त्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. हा तपशील लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

नव्या श्रोत्याला मी पहिली ध्वनिमुद्रिका सुचवतो ती याच गाण्याची. बेसी स्मिथने जानेवारी १९२५ मध्ये गायिलेली. साथीला दोनच माणसे. कॉर्नेटवर तेविशीतला लुई आर्मस्ट्राँग आणि दुसऱ्या बाजूला फ्रेड लाँगशॉ. लाँगशॉ काय वाजवतो आहे? हार्मोनियम! आपल्या पेटीचीच ती पायाने भाता चालवायची बहीण. न्यूयॉर्कमध्ये शंभर वर्षांपूर्वी मुद्रित झालेल्या गाण्यात तो ओळखीचा, थोडासा कण्हणारा सूर निघाला की आपण एकदम सावरून बसतो. बेसी एक ओळ गाते आणि थांबते. उरलेल्या मोकळ्या जागेत आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट तिला उत्तर देते. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलतात, तसे. फरक एवढाच की हा झीलकरी तिच्याच शब्दांवर स्वतःचे मत देतो. कुठे दुजोरा, कुठे थट्टा, कुठे नुसता सुस्कारा. या गाण्याच्या मधला एक भाग सोळा बारांचा आहे, तेवढा सोडून बाकी सारे बारा-बारांत बसते. गाणे जेमतेम तीन मिनिटांचे. बोटांवर मोजत चारदा ऐका. पाचव्या वेळी बोटे आपोआप थांबतील आणि तरीही नववा बार आला हे तुम्हाला कळेल.

ही मोजदाद मला शिकवली ती कचेरीतल्या एका गोवेकर सहकाऱ्यांनी. त्यांचे वडील मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते टेबलावर ठेका धरीत आणि मला सांगत, ''साहेब, तुमची ती सम जरा घरी ठेवून या. पाय एक आणि तीनवर, टाळी दोन आणि चारवर.'' करून पाहा. आपले सारे संस्कार पहिल्या मात्रेकडे धाव घेतात. इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. शिवाय एका मात्रेचे दोन भाग केले तर ते सारखे नसतात. पहिला लांबट, दुसरा आखूड. त्यातून लयीला जो डुलता झोल येतो त्याला स्विंग म्हणतात. हा झोल स्वरलिपीत नीट लिहिता येत नाही, शब्दांत तर नाहीच. डबा संपेपर्यंत टेबल वाजवले तर मात्र अंगात भिनतो.

आता इतिहास. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. पण मिसिसिपीच्या कापसाच्या रानात राबणाऱ्यांचे मालक बदलले नाहीत, फक्त हिशेबाची वही बदलली. जमीन गोऱ्या मालकाची, मेहनत काळ्या कुळाची. बियाणे आणि मीठ-मिरची मालकाच्याच दुकानातून उधारीवर. हंगामाच्या शेवटी हिशेब मांडला की कुळाच्या नावावर बहुधा कर्जच निघे. आपल्याकडच्या सावकारी पाशाची कल्पना असलेल्यांना याहून अधिक सांगायला नको. मतदानाचा हक्क कागदावर. वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळा नळ. आणि जरा मान वर केली तर झाडाला टांगणारा जमाव. या माणसांजवळ होती ती शेतात काम करताना एकमेकांना घातलेली साद, दगड फोडताना घणाच्या घावावर म्हटलेली गाणी आणि चर्चमध्ये उपदेशकाच्या ओळीला जमावाने दिलेला प्रतिसाद. यातूनच विसाव्या शतकाच्या तोंडाशी ब्लूजने आकार घेतला. जात्यावरची ओवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना श्रमाची लय गाण्यात कशी उतरते हे ठाऊक आहे.

मात्र इथेच एक धोका आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच. हा इतिहास समजला की आपल्यासारख्या सुखवस्तू श्रोत्याच्या मनात कणव दाटून येते. बिचारे! किती सोसले! आणि मग ब्लूज म्हणजे दुःखितांचे विव्हळणे असे आपण ठरवून टाकतो. पण ब्लूज ऐकू लागले की दिसते काही निराळेच. त्यात विरह आहे तशी चावट विनोदबुद्धी आहे, नवऱ्याला घराबाहेर काढणारी बाई आहे, फुशारकी आहे, मालकाची आडून उडवलेली टर आहे. आणि मुख्य म्हणजे त्यात बांधणी आहे. रडण्याला बारा बार नसतात. ज्याने आपले दुःख ४८ मात्रांत बसवले, त्यातल्या नवव्या बारला कलाटणी दिली आणि शेवटच्या शब्दाला यमक जुळवले, तो दुःखाखाली चिरडला गेलेला माणूस नव्हे. त्याने दुःखाला वेसण घातली आहे. कीव करणारा नेहमी थोडा उंचावर उभा असतो. दाद देणाऱ्याला मात्र समोर, त्याच बैठकीवर बसावे लागते. आणि दाद देण्यासाठी आधी कळावे लागते. म्हणून मोजायचे. मोजता आले की कीव गळून पडते आणि दाद उरते.

महाराष्ट्रात हा मुद्दा परका वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीत खूप चर्चा झाली. तेव्हाच दलित साहित्याबद्दलही 'किती भयंकर अनुभव' असे म्हणून हळहळणारा आणि त्यातल्या भाषेची ताकद न पाहणारा वाचकवर्ग होताच. आंबेडकरी जलशांतल्या रचना, शाहिरांचे सवाल-जवाब, तमाशातल्या ढोलकीचे गणित याकडे आपण अभ्यासाने किती पाहिले आणि नुसत्या कौतुकाने किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

असो. ब्लूजमधून जॅझमध्ये शिरायचे ते आर्मस्ट्राँगचाच हात धरून. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत १९०१ मध्ये जन्मलेल्या या माणसाने २८ जून १९२८ रोजी शिकागोत 'वेस्ट एंड ब्लूज' मुद्रित केले. सुरुवातीची काही सेकंदे ट्रंपेट एकटेच. कोणाची साथ नाही, ठेका नाही. आलापाचा अर्क काढून तो दहा-बारा सेकंदांत बसवावा तसा तो तुकडा आहे. मग बँड येतो आणि आपले ओळखीचे बारा बार सुरू होतात. एका आवर्तनात क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्राँगचा शब्दहीन गळा यांचे तराण्यासारखे हळुवार सवाल-जवाब. एक आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचे. शेवटच्या आवर्तनाच्या आरंभी आर्मस्ट्राँग एक उंच स्वर लावतो आणि जवळजवळ चार बार तो सोडतच नाही. मोजत असाल तरच या धाडसाची उंची कळते. पहिला तुकडाच्या तुकडा त्याने एका स्वरावर तोलून धरला आहे.

जॅझची सारी गंमत इथे एकवटली आहे. आवर्तन ठरलेले, घरे ठरलेली. त्यात जायचे कसे हे ज्याचे त्याने ऐनवेळी ठरवायचे. आधी सगळे मिळून चीज मांडतात, मग एकेक जण आपापली आवर्तने घेतो आणि अखेरीस पुन्हा सगळे चिजेवर येतात. ख्यालाच्या मैफलीत वाढलेल्यांना ही वाट ओळखीची आहे. १९४५ मधले चार्ली पार्करचे 'नाऊज द टाइम' ऐका. त्यात एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस ट्रंपेटवर आहे. पार्करचा सॅक्सोफोन इतका झरझर बोलतो की पहिल्यांदा ऐकताना हाती काही लागत नाही. पण चीज त्याच बारा बारांची आहे. मोजत राहिले की त्या धबधब्यातही तीन ओळी दिसतात.

ब्लूज दरम्यान शहरात आले होते. मिसिसिपीच्या स्टोव्हल मळ्यावर काम करणाऱ्या मडी वॉटर्सचे गाणे १९४१ मध्ये संशोधकांनी तिथे जाऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी मुद्रित केले. १९४३ मध्ये तो लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे उत्तरेकडे, शिकागोला निघून गेला. तिथल्या गजबजाटात साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेची गिटार हाती घेतली. पुढे इंग्लंडातल्या पोरांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. रोलिंग स्टोन्सनी तर आपले नावच त्याच्या एका गाण्यावरून घेतले. ज्यांना रॉक आवडते आणि जॅझ जड वाटते त्यांनी या दारातून यावे.

आणि मग 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमध्ये १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत मुद्रित झालेली माइल्स डेव्हिसची ही तबकडी पुष्कळजण नवख्याला प्रथम देतात. मी ती थोडी उशिरा देतो, कारण तोवर कान तयार झालेला असतो. पाच रचनांपैकी 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ऑल ब्लूज' या दोन बारा बारांच्याच आहेत. दुसरी दादऱ्यासारखी सहाच्या लयीत डुलते. पहिली रचना 'सो व्हॉट' मात्र बत्तीस बारांची आहे, आणि ती जणू आपल्यासाठीच केली आहे. सोळा बार एकाच सप्तकात. गंधार-निषाद कोमल, म्हणजे आपला काफी थाट. पुढचे आठ बार तोच थाट अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि शेवटचे आठ बार परत खाली. घरे बदलण्याची धावपळ जवळजवळ नाहीच. चीज मांडतो तो डबल बास आणि बाकीचे त्याला दोन स्वरमेळांनी हुंकार देतात. पुन्हा तीच साद आणि तोच झीलकऱ्यांचा प्रतिसाद!

ही तबकडी १७ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आली. त्यानंतर आठच दिवसांनी, २५ ऑगस्टच्या रात्री, माइल्स न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात वाजवत होता. मध्यंतरात एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीपर्यंत सोडून तो क्लबाच्या दारात उभा राहिला. पोलिसाने त्याला तिथून निघून जायला सांगितले. आपण इथेच वाजवतो, असे म्हणून त्याने क्लबाच्या पाटीवरच्या आपल्या नावाकडे बोट दाखवले. त्याला डोके फुटेपर्यंत मारण्यात आले आणि रक्ताने माखलेल्या कोटानिशी चौकीवर नेण्यात आले. पुढे न्यायालयात त्याच्यावरचे आरोप टिकले नाहीत. हे समजल्यानंतर मी 'ऑल ब्लूज' पुन्हा ऐकले. स्वर एकही बदललेला नव्हता. पण त्या संथपणाला मी आजवर नुसता निवांतपणा म्हणत आलो होतो. आता त्यात मला ताबा ऐकू येऊ लागला. ज्या शहरात दारात उभे राहण्याचाही भरवसा नाही, तिथे इतक्या सावकाश श्वास घेणे ही साधी गोष्ट नव्हे.

हे सारे समुद्रापलीकडचे, असे मात्र म्हणू नये. लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला होता. मागोमाग आलेला शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर इथलाच झाला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. त्यांच्याकडून विद्या उचलली ती गोव्याच्या वादकांनी. गावच्या चर्चशाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही मंडळी पोटासाठी मुंबईला येत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवीत आणि भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. रात्री हॉटेलात, दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदात. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त चिक आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा कितीतरी जणांनी आपल्या लाडक्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले आणि वाजवले. श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत. १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरू लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही-आम्ही रेडिओवर त्यांच्या हातचे जॅझ ऐकत होतो. फक्त ते कोणाचे, हे विचारत नव्हतो.

टटवायलर स्टेशनवरच्या त्या निनावी माणसाची आठवण मी इथे करून देतो. बेसी स्मिथ तर निनावी नव्हती; तिच्या तबकड्या लाखांनी खपल्या. १९३७ मध्ये मोटार-अपघातात ती गेली तेव्हा अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. पण तिच्या थडग्यावर दगड बसला तो १९७० मध्ये, तेहेतीस वर्षांनी. खर्च केला दोघींनी. एक जॅनिस जॉप्लिन, बेसीला गुरू मानणारी गोरी गायिका. दुसरी, लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसणारी एक कृष्णवर्णीय स्त्री. गाणे सर्वांनी घेतले होते. देणे लागतो हे मोजक्यांनाच आठवले.

श्रोत्याकडून कोणी दगड बसवण्याची अपेक्षा करीत नाही. पण वाजवणाऱ्याचे नाव वाचावे, वर्ष पाहावे, कोण कुठल्या गावचा आणि कोणत्या वर्षी कोणत्या डब्यात बसून प्रवास करीत होता हे जाणून घ्यावे आणि बारा बार प्रामाणिकपणे मोजावेत, एवढे तर कोणालाही जमेल. रोज एक गाणे पुरे. एकाच गाण्याकडे आठवडाभर परत गेले तरी काही बिघडत नाही. बेसीपासून निघून मडी वॉटर्स, आर्मस्ट्राँग, पार्कर, माइल्स अशी वाट दोन-तीन महिन्यांत सहज चालून होते.

त्या वाटेच्या शेवटी एक गाणे ठेवा. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वंशद्वेष्ट्यांनी एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये बाँब ठेवला. रविवारच्या प्रार्थनेसाठी आलेल्या चार मुली त्यात मेल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेनने आपल्या चौकडीसह 'अलाबामा' वाजवले. पियानोच्या मंद्र सप्तकात नुसती थरथर आहे, तानपुऱ्यासारखी एका जागी खिळलेली; आणि तिच्यावर सॅक्सोफोनचा आलाप. सुरुवातीला ठेका नाही, घरे नाहीत, बारा बार नाहीत. इथे मोजायला काहीच नाही. पण तोवर मोजायला शिकलेला माणूसच ओळखू शकेल की कोल्ट्रेनने त्या दिवशी काय काय बाजूला ठेवले होते.